दंडावरच्या वाक्या

सीटी स्कॅन करणाऱ्या छगनने झुंबरबाईचे दोन्ही हात उचलून डोक्यामागे ठेवले. यंत्राच्या फळीवर ती उताणी पडली होती. दंडांवर वाक्यांचे फिकट वळ तेवढे उरले होते.

"दागिने घरी ठेवलेत?"

सासूने उतरवून घेतले, ती म्हणाली. यंत्राला चांदी चालत नाही म्हणून.

"पोटाचा फोटो आहे, अक्का. दंडावरचं चाललं असतं."

शिरेतून औषध गेलं, अंग तापलं. श्वास धरा म्हटल्यावर तिने धरला. सोडा म्हटल्यावर लगेच सोडला नाही.

जळगावच्या डॉक्टरने सोनोग्राफीत मूत्रपिंडावर गाठ पाहिली होती. कॅन्सर असेल तर मूत्रपिंड काढावं लागेल, आधी धुळ्याला सीटी स्कॅन करा, म्हणाला. पारोळ्याला घरी येईपर्यंत त्यातला 'असेल तर' गळून पडला. आठवडाभरात सासूने वाक्या उतरवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ती आणि नवरा जीवराम पहूरला गोऱ्हा बघायला गेले. गोऱ्हा आला नाही. पहूरला नणंद दिलेली, तिच्या घरात लग्नाला आलेली पुतणी. बाई मरायच्या आधीच तिची जागा भरून ठेवायची, याला आमच्याकडे संसार सांभाळणं म्हणतात.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. गाठीतल्या काळ्या डागांवर बोट ठेवलं.

"ही चरबी. कॅन्सरच्या गाठीत अशी चरबी सहसा नसते. ही साधी गाठ आहे. कापायची गरज नाही, वर्षाने पुन्हा फोटो काढू."

"मरणार नाही?" जीवरामने विचारलं.

"यानं नाही."

जीवरामने टोपी काढली, झटकली, परत घातली. डॉक्टर दोघांच्या तोंडाकडे बघत होते. कोणी हसलं नाही.

स्टँडवर त्याने न मागता तिला चहा आणून दिला. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. तिने तो निवू दिला. पारोळ्याची गाडी लागली तसा तो उठला.

"तुम्ही पहूरले जा," ती म्हणाली. "मन्या वाक्या लई या."

कोणत्या वाक्या आणायच्या, असं त्याने विचारलं नाही. तो गाड्यांच्या पाट्या वाचत पलीकडे गेला.

ती गाडीत चढली. फिल्मचा लिफाफा शेजारच्या जागेवर ठेवला.

"किती?" कंडक्टरने विचारलं.

"एक."