ते ओलं माझं नव्हतं

मित्रांनो, मी तेरा वर्षांची एक म्हातारी कुत्री आहे. माझं नाव खारी. म्हातारपणी सगळे शांत होतात, जुनं विसरतात, अशी तुमची समजूत असेल तर ती आधी बाजूला ठेवा. मी काही विसरलेले नाही. ज्यांनी माझ्यावर आळ घेतला त्यांच्यावर मी सूड उगवला, आणि तो कसा उगवला तेच तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म नाशकात, हिरावाडीतल्या एका बांधकामाच्या वाळूवर झाला. शेजारच्या शाळेत सुमेधाबाई शिकवत. मधल्या सुट्टीत त्या मला चहातली खारी घालत. एके दिवशी त्यांनी मला पदराखाली घेतलं आणि घरी नेलं. माझा रंगही खारीसारखाच, म्हणून हे नाव पडलं. पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून लहानपणीच माझं ऑपरेशन झालं.

घरात बाई, त्यांचे पती ढुंढिराज गुरुजी आणि मुलगा आल्हाद. गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत. सुरुवातीला त्यांनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पण मी हट्टी. रोज पहाटे त्यांच्या मागे चालत कुंडावर जायचे. ते पायरीवर चपला काढायचे आणि मी चपलांपाशी बसायचे. गर्दीच्या त्या ठिकाणी अकरा वर्षांत त्यांची एक चप्पल हरवली नाही. ते लोकांना अभिमानाने सांगत, "मंत्र्याला नसेल असा बंदोबस्त आहे आपला!" घरी परतताना मला अर्धा पेढा मिळे. मित्रांनो, त्या काळात हा माणूस मला बाईंइतकाच आवडत होता. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

बाई निवृत्त झाल्या, गुरुजींनी कुंडावर जाणं कमी केलं आणि माझे मागचे पाय आखडले. मग झोपेत माझी लघवी गळू लागली. मला कळतही नसे. जाग आली की खालची गोधडी ओली आणि मांड्या ओल्या. मला फार लाज वाटायची. मी कान पाडून कोपऱ्यात तोंड घालून बसायचे.

बाई कधी ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी प्लॅस्टिकचा कागद आणला, त्यावर जुन्या साड्यांची घडी घातली. दिवसातून पाच वेळा त्या मला बाहेर कडुलिंबाखाली नेत. सकाळी कोमट पाण्याने माझ्या मांड्या पुसत आणि कोरड्या करत, म्हणजे कातडी सोलायला नको. आमचं छान चाललं होतं.

मग एका दुपारी हॉलमधला दिवाण ओला झाला.

त्या दिवाणावर गुरुजी दुपारी झोपत. मी दाराशी पडले होते. गुरुजी दचकून उठले, त्यांनी खाली हात लावला आणि इकडे तिकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली. क्षणभर ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग ओरडले, "सुमेधा! बघ तुझ्या कुत्रीने काय केलं ते!"

बाई स्वयंपाकघरातून आल्या. "अहो, पण हिला दिवाणावर चढता तरी येतं का?"

"तू नसताना चढते. मी पाहिलंय."

मी पाहिलंय! दोन वर्षं मला साधी पायरी चढता येत नव्हती. आणि मित्रांनो, आम्हां कुत्र्यांना वासावरून माणूस कळतो. त्या ओल्या चादरीवर कोणाचं नाव होतं ते मला स्पष्ट वाचता येत होतं. पण मला बोलता येत नाही, आणि त्यांना येतं.

त्या दिवसापासून दिवाण वरचेवर ओला होऊ लागला आणि दर वेळी माझं नाव पुढे आलं. बाई बाजारात गेल्या की गुरुजी माझं पाण्याचं भांडं मोरीत रिकामं करत. म्हणत, "पाणीच नाही तर गळेल कुठून?" एप्रिलचा महिना होता. जीभ टाळूला चिकटायची. लघवी गडद झाली, तिची आग होऊ लागली आणि गळणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. मी रिकामं भांडं चाटत गुरुजींकडे बघायचे. ते पेपर तोंडासमोर धरायचे. तेव्हाच मी मनात ठरवलं, याची परतफेड होणार.

मे महिन्यात बाई भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या. त्या दिवशी गुरुजी आल्हादला म्हणाले, "हिला कुठेतरी लांब सोडून ये."

"बाबा, आई मला घरात घेणार नाही."

"दार उघडं राहिलं, पळाली म्हणायचं. घरात देव आहेत आल्हाद. हा वास मला सहन होत नाही."

आल्हाद सिन्नरला कारखान्यात कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडीच्या मागच्या सीटवर वर्तमानपत्रं पसरली आणि मला वर चढवलं. मला वाटलं, डॉक्टरांकडे नेतोय. सिन्नरच्या पुढे एका बंद कारखान्याच्या फाटकाशी त्याने मला उतरवलं, बिस्किटांचा पुडा फोडून समोर ठेवला आणि मागे न बघता गाडी काढली. मी धावले. या पायांनी जेवढं धावता येईल तेवढं, वळणापर्यंत धावले.

त्या फाटकावर झिपरू नावाचा सुरगाण्याकडचा रखवालदार होता. त्याने मला उन्हात पडलेली पाहिली. "कोनाची गं तू? लय थकलीस," असं म्हणत त्याने एका पत्र्याच्या डब्यात पाणी ओतलं. मी ते संपवलं. त्याने पुन्हा भरलं, मी पुन्हा संपवलं. मग त्याने सावलीत बारदान अंथरलं. सकाळी ते भिजलेलं होतं. मी कान पाडून काठीची वाट बघू लागले. झिपरू नुसता हसला.

"मुतलीस व्हय? मुत. आमची आजी बी अशीच मुतायची. तिला काय आमी टाकून नाय दिली."

बारदान धुऊन त्याने कुंपणावर वाळत घातलं. सहा दिवस त्याने रोज हेच केलं.

इकडे घरी काय झालं ते मला नंतर कळलं. बाई फोनवर बहिणीला सांगत होत्या आणि मी त्यांच्या पायाशी होते. पुण्याहून आल्यावर बाई रडल्या. त्यांनी गल्लोगल्ली माझा फोटो लावला. आणि तिसऱ्या दिवशी दिवाण ओला झाला! बाईंनी चादरीवर हात ठेवला, हात नाकाशी नेला. गुरुजी म्हणाले, तांब्या सांडला.  बाई आल्हादला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"कुत्री पळाली ना? मग हे कोणी केलं?"

आल्हादने मान खाली घालून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्या बंद कारखान्यापाशी गेला, पण मी फाटकाच्या आत झिपरूच्या बारदानावर होते, बाहेरून त्याला दिसले नाही; मला शोधायला त्याला आणखी दोन दिवस लागले. मग बाई स्वतः गाडीतून आल्या. मला मिठी मारून त्या रस्त्यातच बसल्या. आल्हाद पुढे होऊन म्हणाला, "चल खारी, घरी." मी त्याला चावले नाही. मी नव्या सीट-कव्हरवर बसले आणि सिन्नर ते नाशिक तीन वेळा लघवी केली. मित्रांनो, तेव्हा मी झोपेत नव्हते. तेवढं मुद्दाम होतं.

आता गुरुजींची पाळी होती.

बाईंना सगळं कळलं होतं, पण त्यांना नवऱ्याची लाज झाकायची होती. गुरुजी मात्र मला बघताच म्हणाले, "आली? आता पुन्हा सुरू." त्यांना वाटलं, आपण सुटलो. पण मला एक गोष्ट माहीत होती. ते आपली भिजलेली धोतरं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबत, पिशवीला गाठ मारत आणि पलंगाखाली ट्रंकेच्या मागे दडवत. बाई बाहेर गेल्या की गुपचूप धूत. मी घाई केली नाही.

एका रविवारी त्यांचा पुतण्या प्रफुल्ल बायकोला घेऊन आला. नव्या घराची वास्तुशांत होती. "काका, मुख्य तुम्हीच," तो म्हणाला.

गुरुजी ताठ बसले. "करीन रे. पण आमच्याच घरात आता सोवळं उरलं नाही. या कुत्रीने दिवाण नासवला. किती वेळा सांगितलं सुमेधाला, हिला टाकून दे म्हणून."

मी उठले. सरपटत पलंगाखाली गेले, पिशवी दातांत धरली आणि ओढत ओढत हॉलच्या मध्यावर आणली. पिशवी फाटली. धोतर बाहेर आलं आणि वास खोलीभर पसरला.

गुरुजी उभे राहिले. "बघितलंस? हिनेच ओलं केलं असणार!"

त्या वेळी बाईंचाही संयम सुटला. "हो का? हिने धोतर नेसून ओलं केलं, पिशवीत कोंबलं, वर गाठ मारली आणि ट्रंकेमागे ठेवलं?"

 प्रफुल्लच्या बायकोने चहाचा कप न पिताच खाली ठेवला. दोघं घाईने निघून गेले. गुरुजी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ आत बसले. नळाच्या आवाजाखाली ते रडत होते, ते मला ऐकू येत होतं. तुम्हांला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. नाही. मी दारासमोर पाय पसरून पडले आणि बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.

ते बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून खारीचं सगळं तुम्ही धुवायचं."

आणि ते धुऊ लागले. पाचदा कडुलिंबाखाली नेणं, मांड्या पुसणं, साड्या पिळणं, सगळं त्यांच्याकडे. कधी कधी त्यांनी साडी बदलली की मी लगेच ती पुन्हा ओली करायचे. मला थांबता आलं असतं. मी थांबत नसे.

पुढच्या आठवड्यात मला डॉक्टर आभांकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली आणि विचारलं, "हिचं पाणी कोणी तोडलं होतं का? जंतुसंसर्ग झालाय. गळणाऱ्या कुत्र्याचं पाणी कधी तोडू नये."

"मी तोडलं होतं," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांनी समजावलं, की ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांचे स्नायू म्हातारपणी सैल पडतात, त्यावर गोळ्या आहेत, आणि ही मुद्दाम करत नाही, हिला कळतही नाही. गुरुजी जमिनीकडे बघत होते. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, "माणसांचंही असं होतं का हो?"

"होतं, काका. कारणं वेगळी असतात, पण उपाय असतो. तुमच्या डॉक्टरांना भेटा."

गुरुजींचा हात माझ्या पाठीवर होता.  मी तो चाटला नाही.

आता माझं गळणं महिन्यातून एखाद्या वेळी होतं. गुरुजींनाही गोळ्या सुरू आहेत. मित्रांनो, तुमच्या घरात म्हातारं कुत्रं असेल आणि त्याची जागा ओली दिसली, तर ओरडू नका, मारू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, कोरडं अंथरूण द्या, पुन्हा पुन्हा बाहेर न्या. आणि तुमची स्वतःची चादर कधी ओली झाली, तर ती ज्याला बोलता येत नाही त्याच्या नावावर घालू नका. तो विसरत नाही.

परवा प्रफुल्ल पुन्हा आला. दिवाणावर बसताना त्याला ओलं लागलं. तो हसत माझ्याकडे वळला, "काय गं खारी, पुन्हा?"

गुरुजी पेपर खाली ठेवून उभे राहिले. "तिचं नाही रे," ते म्हणाले. "माझं आहे. तू खुर्चीवर बस, मी चादर बदलतो."

त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी प्रफुल्लकडे सरळ पाहिलं. माझी शेपूट एकदा जमिनीवर आपटली. मी ती हलवली नव्हती. म्हातारपणी काही गोष्टी आपल्या ताब्यात राहत नाहीत. याला कोणी क्षमा समजू नये.