तळाचा उतार

गुंडोने आकड्यावरून पिवळी पेन्सिल फिरवली आणि च्च केलं. हाही बरोबर. दुपारपासून तो बायकोच्या ड्रॉइंगमध्ये चूक शोधत होता आणि ती बया एक म्हणून सापडू देत नव्हती.

जे. पी. नगरातल्या दामोदरअण्णांच्या ऑफिसात तेलाच्या टाक्यांची डिझाइनं होत. तिथला रिवाज असा, की एकाने काढायचं आणि दुसऱ्याने त्याची अमोनियाच्या वासाची प्रिंट घेऊन तपासायचं. बरोबर ते पिवळं करायचं, चूक ते लाल. पांढरं काही सोडायचं नाही. सगळं निस्तरलं की मग मूळ ट्रेसिंगवर तपासणाऱ्याची सही.

टाकी मंगळूरच्या एका डिझेल डेपोची होती आणि तिचा तळ हेमलताने काढला होता. तळ! टाकीच्या भिंती कोणीही उभ्या करील, तळाला डोकं लागतं. शेकडो प्लेटा, प्रत्येकीची कड शेजारणीवर चढवून वरून वेल्डिंग, भोवती जाड प्लेटांचं कडं. आणि एकदा टाकी भरली की खाली काय चाललंय ते देवालाच ठाऊक. इतकी वर्षं अण्णांकडे तळ म्हटलं की गुंडो. हेमलता आली तीच मुळी त्याची ड्रॉइंगं ट्रेस करायला. त्यानेच आणली, त्यानेच शिकवलं. आणि आता अण्णा सारखे आपले, "हेमक्का, हे तूच बघ स्वल्प." म्हातारबुवा टाकी विभाग कोणाच्या तरी हाती सोपवणार होते आणि उद्याच्या बैठकीत नाव सांगणार होते. ते नाव हेमलताचं असणार, हे चहावाल्यालासुद्धा माहीत होतं.

"वहिनींनी काय तळ काढलाय, गुंडोबा!" शेजारच्या बोर्डावरून जयसिंगराव म्हणाला. "आता घरीही त्याच साहेब आणि इथेही त्याच."

जयसिंगरावाने उभ्या आयुष्यात टाकीच्या बाहेरच्या जिन्यापलीकडे काही काढलं नव्हतं. गुंडो हसला. हसला कसला, दात दाखवले. त्याला हेवा वाटत होता, सख्ख्या बायकोचा, आणि तो लपवता लपवता जीव मेटाकुटीला आला होता.

आणि मग त्याला ती चूक सापडली.

डेपोवाल्यांनी नुकताच उतार फिरवून मागितला होता. आधी तळ मध्ये उंच होता. आता मध्ये खोलगट हवा होता, म्हणजे डिझेलखाली बसणारं पाणी मधल्या खड्ड्यात उतरेल. हेमलताने उतार फिरवला, खड्डा आणला, सगळे आकडे बदलले. पण कोणती प्लेट कोणावर चढायची तो क्रम जुनाच राहिला होता. कौलं उलटी घातल्यासारखं झालं होतं. मध्याकडे निघालेलं पाणी आता प्रत्येक कडेला अडणार, साचणार, आणि काही वर्षांत तळाची चाळण होणार.

गुंडोचे कान तापले. त्याने लाल पेन्सिल उचलली. जरा वेळ धरली आणि पुन्हा ठेवून दिली.

आत्ता सांगितलं तर ती दुरुस्त करील, उद्या अण्णा वाहवा करतील, संपलं. आणि नाही सांगितलं तर? उद्या ट्रेसिंग टेबलावर पसरेल, सगळे भोवती जमतील, आणि आपण अगदी सहज म्हणायचं, अण्णा, एक शंका होती. वा! नुसत्या कल्पनेने त्याला बरं वाटलं.

मात्र त्या जोडाच्या चित्रावर पिवळं फिरवायला हात होईना. चुकीवर पिवळं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. तेवढं पांढरंच ठेवून त्याने दोन ठिकाणी लाल केलं, एक राहून गेलेला बाण आणि एक पुसट रेघ, आणि प्रिंट तिच्या बोर्डावर नेऊन ठेवली.

"झालं बघून?" हेमलताने विचारलं.

"झालं. किरकोळ आहे."

"एवढंच?" तिचा चेहरा असा खुलला की गुंडोला तिकडे बघवेना.

"एवढंच," तो म्हणाला आणि चहाला निघून गेला.

सकाळी ती त्याच्या आधी निघाली. ट्रेसिंगवर स्वल्प काम राहिलंय, बसने जाते, तुम्ही या सावकाश, म्हणाली. डबा भरून ओट्यावर ठेवला होता.

बैठकीला अण्णांनी ट्रेसिंग पसरलं, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला. सगळे वाकले. गुंडोने घसा खाकरला.

"अण्णा, एक शंका होती. प्लेटा चढवायचा क्रम..." बोलता बोलता त्याने बोट टेकवलं आणि तिथेच थांबला. क्रम बरोबर होता. ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडल्याची खूण होती आणि तिच्यावर नवी, काळीभोर शाई.

"काय रे क्रमाचं?" अण्णा म्हणाले.

गुंडोने बोट मागे घेतलं. हेमलता टेबलाच्या पलीकडे उभी होती.

"यांनी दाखवलं ते, अण्णा," ती म्हणाली. "उतार फिरवला आणि क्रम फिरवायचा मी विसरले होते. सकाळी येऊन बदलला. तो नीट झाला का, विचारताहेत."

अण्णांनी चष्मा खाली ओढून बराच वेळ बघितलं. मग गुंडोच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, हे तर माझ्याही नजरेतून सुटलं असतं! मंगळूरला आपली शोभा झाली असती." ते सगळ्यांकडे वळले. "खरं सांगतो, माझ्या मनात दुसरं नाव होतं. पण विभाग सांभाळायचा तर असा डोळा पाहिजे. काय हेमक्का?"

"सरी, बरोबर आहे, अण्णा," हेमलता म्हणाली. सगळ्यांत आधी टाळी तिनेच वाजवली.

दिवसभर लोक येऊन गुंडोचा हात हातात घेत होते. पेढे आले. ट्रेसिंगवर तपासणाऱ्याची सही त्याने केली. बायकोशी एकांतात बोलायला मिळालं ते थेट संध्याकाळी, खाली स्कूटरपाशी.

"तू असं का सांगितलंस?"

"कसं?"

"मी दाखवलं म्हणून."

हेमलता पदर खोचत होती. "तेवढंच पांढरं ठेवलं होतंत. म्हणजे तुम्हाला दिसलं होतं." मग तिने वर बघितलं. "दिसलं होतं ना?"

गुंडोने होकाराची मान हलवली. मग तो स्कूटरला किल्ली लावायला वाकला.

"अण्णांना विचारून घेतलं मी मघाशी," ती म्हणाली. "तुम्हाला आता सगळ्या विभागाचं बघायचंय. माझी ड्रॉइंगं यापुढे जयसिंगराव तपासतील."

"जयसिंगराव?" गुंडो उसळला. "त्या जिनेवाल्याला तळातलं काय डोंबल कळतंय?"

"नसेल कळत," हेमलता मागच्या सीटवर बसत म्हणाली. "पण कळलं तर सांगतील."