फक्त तोंडी सांगायचे औषध

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे आणि मला उघडणाऱ्या प्रत्येक हाताचा मला आधी संशयच येतो. हा स्वभाव जन्माचा नव्हे. कलकत्त्याच्या टांगरा या चामड्याच्या वस्तीतल्या चिनी कारागिराने मला शिवले, तेव्हा मी भोळीच होते.

१९७२ साली श्यामकांतरावांनी मला घेतले. ते औषध कंपनीचे प्रतिनिधी, नागपूरहून नुकतेच कलकत्त्याला बदलून आलेले. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पोटात घेऊन मी त्यांच्याबरोबर बेहाल्यापासून हावड्यापर्यंतचे दवाखाने पालथे घातले. डॉक्टर माझ्या शिलाईचे कौतुक करत, मी फुगून जाई.

मग एकदा कंपनीचे साहेब श्यामकांतरावांना म्हणाले, "तान्ही मुलंही यानं शांत झोपतात, असं डॉक्टरांना सांगा. फक्त तोंडी हं! कागदावर काही नको."

परवानगी होती ती मोठ्यांच्या खोकल्यापुरती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखले. श्यामकांतरावांनीही ओळखले असणार. पण नोकरीसाठी ते डॉक्टरांना तसे सांगू लागले.

बेहाल्याचे डॉक्टर घोषाल ते ऐकून गंभीरपणे म्हणाले, "आमार आपत्ति आछे."

बंगालीत आपत्ति म्हणजे हरकत. पण आमचे पडले मराठी कान! डॉक्टरांच्या घरी काही संकट आलेय असे समजून श्यामकांतराव हळहळले. "भगवान सब ठीक करेगा," म्हणाले आणि दोन बाटल्या ठेवून निघाले. ते सगळे ऐकलेल्या कंपाउंडरने त्यातली एक कुणाच्या बाळासाठी दिली. बाळ दीड दिवस जागे झाले नाही. वाचले, हे नशीब.

सरकारने कंपनीवर खटला भरला. कंपनीचे वकील घरी आले. त्यांचे गोड हसू मला मुळीच आवडले नाही.

"तुमचं बंगाली कच्चं, म्हणून डॉक्टरांचा गैरसमज झाला, एवढंच सांगा. नोकरी शाबूत राहील."

ते गेल्यावर सुचित्रावहिनींनी नवऱ्याला विचारले, "आणि खरं काय आहे, अहो?"

उत्तर श्यामकांतरावांनी कोर्टात दिले. "डॉक्टरांचं बोलणं मला कळलं नाही, हे खरं. पण मी काय सांगतोय, ते मला नीट कळत होतं. साहेबांनी सांगायला लावलं, मी सांगितलं."

नोकरी त्याच दिवशी गेली. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला!

बाहेर बाळाची आई उभी होती. मला वाटले, आभार मानील. तिने हळूच विचारले, "निजेर बाच्चाके दितेन?" स्वतःच्या बाळाला दिलं असतं?

त्यांची मुलगी हेमा तेव्हा आठ महिन्यांची होती. श्यामकांतरावांना मान वर करता आली नाही.

मित्रांनो, माझे चामडे आता तडकले आहे. मला तेल लावले नाहीत तरी चालेल. पण दुसऱ्याच्या मुलाला काही देण्याआधी त्या आईचा प्रश्न स्वतःला विचारा.