ठरवू या कधीतरी

"मग रविवारी या की माझ्याकडे जेवायला. कॉड मासा करावा म्हणतेय," देओलिंदा कपात चमचा फिरवत म्हणाली.

"का नाही? ठरवू या," आदेरितो पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "फक्त तुमच्या कॉडवर तेल किती असतं, ते माझ्या डॉक्टरला कळता कामा नये."

लिस्बनसमोरच्या काठावरल्या बारेरो गावातल्या त्या कॉफीच्या दुकानात रोज असंच चालायचं. एकदा नदीपलीकडे जाऊन येऊ या का? येऊ की. या उन्हाळ्यात सार्डिन मासे भाजू या का? भाजू की. बोलणारा विसरायचा, ऐकणारा त्याच्याही आधी विसरायचा. तोंडावर नाही म्हणायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून सगळे असंच हलक्यानं बोलायचे. देओलिंदाही जन्मभर तसंच बोलत आली. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करण्यात तिचं आयुष्य गेलं. कुणाकडे सरळ काही मागायची सवय तिला लागलीच नाही.

या वेळी मात्र मागायचं होतं. सोमवारी लिस्बनला तिच्या पोटाचं ऑपरेशन होतं. नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. घराची किल्ली कुणाकडे तरी ठेवायची होती. आपण परत आलो नाही तर काय करायचं, हे एका तरी माणसाच्या कानावर घालायचं होतं. चारचौघांत ते कसं बोलणार? जेवण झाल्यावर दुसरा ग्लास भरताना सहज विषय काढू, असं तिनं मनाशी धरलं होतं.

शुक्रवारी तिनं खारवलेल्या कॉडचे दोन तुकडे भिजत घातले. मीठ उतरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. ज्यानं कॉड भिजत घातला त्यानं उगाच बोलावलेलं नसतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. पण भिजत घातलेला कॉड रस्त्यावरून दिसत नाही.

रविवारी तिनं बटाटे उकडले, कॉड भाजला, दोन ताटं मांडली. किल्ली रुमालात गुंडाळून दुसऱ्या ताटाशेजारी ठेवली. बटाटे गार झाले तेव्हा ती खिडकीशी गेली. खाली दुकानाबाहेर आदेरितो पत्ते खेळत बसला होता. हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच त्यानं वर पाहिलं.

"काय बाई, वास झकास सुटलाय. एकदा यायलाच हवं तुमच्याकडे."

"या की, कधीही," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. खिडकी लावून तिनं आपला तुकडा कसाबसा संपवला. दुसऱ्यावर रिकामं ताट झाकलं.

सोमवारी सकाळी पिशवी घेऊन ती दुकानावरून निघाली, तर आदेरितो एकटाच बसलेला.

"एवढ्या सकाळी कुठे?" त्यानं शेजारची खुर्ची ओढली. "बसा घटकाभर. कॉफी घेऊ या."

तो खरंच बसा म्हणत होता. कोटाच्या खिशात तिचा हात किल्लीवर होता. पण धक्क्यावर बोट लागली होती आणि एका घोटात सांगण्यासारखं ते नव्हतं.

"घेऊ की," ती म्हणाली. "ठरवू या."

ती धक्क्याकडे वळली. आदेरितोनं खुर्ची पुन्हा टेबलाखाली सारली आणि पेपर उघडला.