रिलेचा आवाज

दादा व्हॅन घेऊन आला तेव्हा मी एका ट्रकच्या डॅशबोर्डखाली उताणी पडले होते आणि डोक्यात आधीच राख घालून घेतली होती. ट्रकवाल्यानं स्वतःच्या अकलेनं वायरी जोडून इंडिकेटरला हॉर्न आणि हॉर्नला वायपर करून ठेवला होता.

"पक्कड, बाहेर ये," दादाची हाक आली. "हेडलाइटनं जीव खाल्लाय."

पक्कड म्हणजे मी. एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, म्हणून लहानपणी दादानंच हे नाव ठेवलं. आता या रस्त्यावरची सगळी गॅरेजं मला याच नावानं ओळखतात आणि मला त्याचा राग येत नाही. बाकी बहुतेक गोष्टींचा येतो.

दादाच्या मागोमाग वहिनीही व्हॅनमधून उतरली. हे जरा नवलच होतं. तिला त्या व्हॅनचा वास सहन व्हायचा नाही, लग्नानंतर कितीतरी वर्षं ती त्यात बसायलाच तयार नसायची. हल्ली मात्र दादा दिसेल तिथे ती.

"घरी करमत नाही हो ताई," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली.

ही व्हॅन दादा बेकरीसाठी चालवायचा. पहाटे अंधारात ब्रेड भरायचा आणि उजाडायच्या आत आसपासच्या गावांतल्या दुकानांत पोचवायचा. गेल्या आठवड्यात त्यानं गाडी पुलाच्या कठड्याला घासली. डावा आरसा गेला, दार आत दबलं. दिवे मंद आहेत, दिसत नाही, असं दादानं बेकरीवाल्याला सांगितलं. बेकरीवाला म्हणाला, मग दिवे नीट करून सोमवारी ये, नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो. तेव्हापासून दादा घरात बसून होता. दिवसभर खिडकीशी बसायचा, जेवणात लक्ष नाही, कोणाशी धड बोलणं नाही. उभा जन्म रस्त्यावर गेलेला माणूस तो. माझं लग्न मोडलं तेव्हा "रडायचं असेल तर रड, पण हाताला काम ठेव," असं म्हणून मला या गॅरेजात त्यानंच आणून सोडलं होतं. त्याला ती फेरी परत मिळाली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"दोनदा बल्ब बदलले," दादा म्हणाला. "आहे तसंच. पिवळं, मेलेलं."

"बल्ब बदलून काय होतंय? पाण्याला जोर नसेल तर नळ बदलून उपयोग काय?"

मी मीटर काढला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर लावला तर चौदाच्या जवळ. तोच बल्बच्या होल्डरवर लावला तर दहा आणि वर थोडं. मधले व्होल्ट वाटेतच गडप. या जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा करंट बॅटरीतून निघून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो आणि तिथून वळसा घालून पुढे दिव्याकडे येतो. वायर बारीक, जोड काळे पडलेले, अर्थिंगचा पत्रा गंजलेला. दिव्यापर्यंत येईतो त्याचा दम संपतो.

"सापडला चोर!" मी म्हटलं.

दादाचा चेहरा असा काही उजळला की बस. "बघ!" तो वहिनीला म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? सगळे मला वेड्यात काढत होते."

वहिनी चहाचे कप उचलून मोरीकडे गेली. मी हात धुवायला गेले तर तेच दोन कप ती पुन्हा पुन्हा विसळत होती.

"ताई, घाई नका करू," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सोमवार हुकला तरी चालेल. तुम्ही म्हणा, सामान मिळत नाहीये."

माझं टाळकंच सरकलं. "वहिनी, तो घरात बसून वाळतोय ते तुम्हाला दिसत नाही का? आणि माझ्या गॅरेजात सामान मिळत नाही, असं मी का म्हणू? इभ्रत आहे माझी या रस्त्यावर."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

तिनं कप पालथे घातले. मला वाटलं, हिला नवरा चोवीस तास शेजारी बसायची सवय लागली आहे. मनात आलेलं तोंडावर बोलून टाकलं नाही, एवढीच काय ती कृपा.

रविवारी गॅरेज बंद ठेवून मी काम काढलं. बाहेर दिवसभर मळभ होतं, पत्र्याखाली दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत नवी जाड वायर ओढली, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज घातला, अर्थिंगसाठी पत्रा घासून चकचकीत केला. मध्ये दोन रिले बसवले, काडेपेटीएवढ्या डब्या, एक जवळच्या दिव्याला, एक लांबच्या.

दादाला हातात टॉर्च देऊन शेजारी उभा केला होता. त्याचा काही उपयोग नव्हता.

"अरे, माझ्या हातावर धर ना! रेडिएटरची आरती करतोस का?"

"धरलाय की."

"कुठे धरलायस? जाऊ दे, दे इकडे." टॉर्च मी दातात धरला. तो हसला नाही. एरवी असल्या बोलण्यावर दोन टोले परत आले असते.

वाईट वाटलं म्हणून मग मी त्याला रिले समजावून सांगत बसले. "हे बघ, जुनी वायर आता फक्त निरोप देणार. स्विच दाबलास की या डबीत टक असा आवाज होईल. तो टक झाला की जाड वायरीतून थेट बॅटरीचा करंट दिव्याला. मध्ये कोणी खाणारं नाही. टक, की लख्ख."

"टक, की लख्ख," तो म्हणाला. डबीवरून त्यानं बोट फिरवलं. "ऐकू येतो का पण? इंजिनच्या आवाजात?"

"इंजिन बंद असलं की येतो. पण ऐकायचाय कशाला? दिसेलच की."

"हो, ते आहेच," दादा म्हणाला.

माझ्या कामाची एक पद्धत आहे. बल्ब मी सगळ्यात शेवटी जोडते. आधी नुसते रिले चालवून बघते, कारण कुठे उलटसुलट जोडलं गेलं असेल तर नवेकोरे बल्ब उडायला नकोत. दादाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. तो गाडी चालवणारा, वायरींत त्याला कधी रस नव्हता.

संध्याकाळी वायरी टेपनं गुंडाळून झाल्या. माझ्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर दिव्यांचा नेम धरायला पांढऱ्या रेघा मारलेल्या आहेत. गाडीचं तोंड तिकडेच होतं. वहिनीला मी आत सीटवर बसवलं, स्विच दाबायला. दादा उत्साहानं भिंतीकडे तोंड करून गाडीच्या बाजूला उभा राहिला, हाताची घडी घालून. मी बॉनेटपाशी वाकले होते. दोन्ही होल्डर माझ्या हातात होते, मोकळे, बल्बला न लावलेले.

"दाबा, वहिनी."

टक.

"वा!" दादा ओरडला. "वा गं माझी पक्कड! याला म्हणतात उजेड! लख्ख! ती खालची रेघसुद्धा स्पष्ट दिसतेय बघ."

मी हातातल्या होल्डरांकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. भिंत काळी होती. रेघा मलासुद्धा दिसत नव्हत्या.

बॉनेटच्या कडेनं वर पाहिलं तर काचेआड, गाडीतल्या छोट्या दिव्याखाली, वहिनी माझ्याकडेच बघत होती. तिनं फक्त मान हलवली. बोलू नका, असं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं पण चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं. आमच्या धंद्यातली ही खोडच आहे, एक बिघाड सापडला की पुढे शोधायचं थांबतो. वायर खरोखरच खराब होती, म्हणून मी दुसरीकडे बघितलंच नाही.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. बल्ब जोडावेत, हसावं, चावी द्यावी. पण सोमवार उद्यावर आला होता.

"दादा, दिवे लागलेले नाहीत."

"काय?"

"बल्ब जोडलेच नाहीत अजून. नुसता रिले वाजला."

तो तसाच भिंतीकडे बघत उभा राहिला. हाताची घडी हळूहळू सुटली. मला वाटलं, आता चिडेल, माझ्यावर ओरडेल, मला फसवलंस म्हणेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"आवाज आला म्हणून..." तो म्हणाला.

"किती दिवस?"

"दिवसा दिसतं गं. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, पण दिसतं. कडेकडेचं गेलंय. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येत नाही. अंधारात मात्र..." त्यानं डोळे चोळले. "मला खरंच वाटत होतं, थोडं तरी दिव्यांमुळे असेल. तू चोर सापडला म्हणालीस ना, तेव्हा मला किती बरं वाटलं माहितेय?"

"आणि ही व्हॅन तू इथपर्यंत आणलीस कशी? आणि कठड्याला घासायच्या आधी रोज पहाटे गाडी चालवलीस कशी?"

"ती सांगते," दादा म्हणाला. "डावीकडे सायकल म्हणाली की मी उजवीकडे घेतो. वळण म्हणाली की वळतो. रस्ता तर मला पाठच आहे. चालत होतं आमचं. त्या दिवशी तिला शिंक आली, तेवढ्यात कठडा."

मला काय बोलावं कळलं नाही की मी ओरडते. मी दार उघडून वहिनीवर ओरडले. "तुम्हाला अक्कल आहे का? रस्त्यावर पोरंबाळं चालतात, कामाला जाणारी माणसं असतात! आणि तुम्ही निमूटपणे त्याच्या शेजारी जाऊन बसता?"

"मग एकट्याला पाठवू?" वहिनी म्हणाली.

ती ओरडली नाही. "मी हातापाया पडले. चावी लपवली. दोन दिवस जेवले नाहीत, ताई. एका पहाटे मला न उठवता निघाले. मी गाऊनवरच धावत जाऊन दार उघडून आत बसले. तेव्हापासून बसते. रोज वाटायचं, आज काहीतरी होणार. माझ्या आवाजावर सगळं. मला आता झोपेतसुद्धा सायकली दिसतात."

दादा भिंतीकडे निघाला. हात पुढे करून, चाचपत. माझ्या इतक्या वर्षांच्या गॅरेजात माझा भाऊ चाचपत चालतोय हे मला बघवेना, म्हणून मी खाली वाकून होल्डर बल्बला जोडले. दुसरं काही सुचतच नव्हतं.

"दाबा, वहिनी."

टक झाला आणि भिंत पांढरीफटक पडली. माझं काम चोख झालं होतं. असा उजेड त्या गाडीनं ती नवी असतानाही कधी पाडला नसेल. दादाची मोठी काळी सावली छतापर्यंत गेली आणि तो स्वतः डोळे किलकिले करून त्या उजेडात उभा राहिला.

"आता लागलेत ना?"

"हो."

"कुठपर्यंत पडलाय?"

"या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"मला मधला एवढाच गोळा दिसतोय," त्यानं बोटांनी ताटलीएवढं दाखवलं. मग म्हणाला, "काम चांगलं केलंस. बेकरीत मी सांगेन उद्या. तू नको जाऊस, तू भांडशील."

त्यानं खिशातून चावी काढली आणि हात लांब केला, मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे. मी सरकले आणि चावी घेतली.

त्यांना घरी सोडायला मीच निघाले. दादा मध्ये बसला, वहिनी दाराशी. अंधार पडला होता. नवे दिवे रस्ता लांबवर उघडा करत होते, खड्डा न् खड्डा दिसत होता, झाडांची वाळलेली पानंसुद्धा.  गावाबाहेर आलो आणि वहिनीनं तोंड उघडलं.

"डावीकडे सायकल."

"दिसतेय मला," मी म्हटलं.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. "समोरून ट्रॅक्टर येतोय. एकच दिवा आहे त्याला. मग उजवं वळण."

या बाईची सवय आता जन्मात जाणार नाही, असं मनात आलं. दिसतंय हो, म्हणून खेकसायला मी मान वळवली. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. ती दादाच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती. दादानं डोळे मिटून घेतले होते, आणि वळण आलं तसे गुडघ्यांवरचे त्याचे दोन्ही हात उजवीकडे फिरले.

मी गाडी हळू केली, तिला सगळं सांगायला वेळ मिळावा म्हणून.