सासूबाईंच्या मांडीतला चेंडू

आमचे हे, ऑरिन, कॉलेजात चार वर्षं फुटबॉल खेळले, तो अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल, आणि त्यांचा हात एकदाही चेंडूला लागला नाही. हे पुढच्या रांगेतले. समोरच्याला अडवायचं, नाक फोडून घ्यायचं, आणि मागचा पोरगा चेंडू घेऊन पळाला की वर्तमानपत्रात नाव त्याचं! सासूबाई दर पत्रात विचारायच्या, "दिला का रे तुला चेंडू?" हे उत्तरात घरच्या गाईची चौकशी करायचे.

पुढे हे त्याच कॉलेजचे प्रशिक्षक झाले. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सामन्याला सासूबाई पहिल्यांदाच आल्या आणि मैदानाच्या दोरीला खेटून खुर्ची टाकून बसल्या. तेव्हा नियम कडक होता. प्रशिक्षकाने खेळ चालू असताना ओरडायचं नाही, चेंडूला हात लावायचा नाही. लावला तर चेंडू समोरच्यांना. यांचा आवाज तीन शेतं ओलांडतो, म्हणून मी यांच्या तोंडात सफरचंद कोंबलं होतं.

शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि बरोबरी होती. तेवढ्यात चेंडू उडाला तो दोरीबाहेर, थेट सासूबाईंच्या मांडीत. बाहेर गेलेला चेंडू जो खेळाडू आधी हातात घेईल त्याचा. आमचा किरकोळ अंगाचा एमॉस आणि समोरच्यांचा एक रेड्यासारखा गडी, दोघेही धावत सुटले.

सासूबाईंनी चेंडू शेजारी उभ्या असलेल्या यांच्यापुढे धरला. "घे, ऑरिन! घे एकदाचा!"

यांचे हात पुढे झाले. मग यांनी ते हात पाठीमागे घट्ट धरले.

"मोठा साहेब झालास! आता आईच्या हातचं नको?"

तोंडात सफरचंद, यांनी नुसती मान हलवली. मग आईकडे पाठ केली आणि पाय रोवले. रेडा येऊन आदळला आणि मागच्या मागे बसला. उठून पुन्हा आदळला. हे बोटभरही सरकले नाहीत.

"आजी, मला द्या ना! मी यांच्याच संघातला!" एमॉस गयावया करत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे न बघताच चेंडू दिला. त्यांचं सगळं लक्ष लेकाच्या पाठीकडे होतं.

पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं. नुसतं उभं राहायला मनाई कुठेच नव्हती. पुढच्याच चढाईत आम्ही जिंकलो आणि पोरांनी एमॉसला खांद्यावर घेतलं.

सासूबाईंनी रुमालाने यांच्या हनुवटीवरचा सफरचंदाचा रस पुसला. मोडक्या नाकावरून बोट फिरवलं.

"चार वर्षं हेच करत होतास?"

यांनी मान डोलावली.

"मग मेल्या, हे लिहायचं सोडून गाईचं काय विचारत बसायचास!"