नगाची लिफ्ट

लिफ्टमामांनी चौतीस वर्षं एका अकरा मजली ऑफिसात लिफ्ट चालवली होती. "कितवा मजला?" याखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि साहेबलोकांचं बोलणं कानात शिरलं तरी डोक्यात शिरू द्यायचं नाही, ही त्यांची रीत. निवृत्त झाले तरी ती सुटली नाही. इमारतीतल्या रहिवाशांच्या सभेत ते शेवटच्या खुर्चीवर बसत आणि मतदानाची वेळ आली की शेजाऱ्याचा हात बघून आपला हात वर करत.

असा माणूस एके दिवशी भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून तीन पायांचा, चांगला थोराड कुत्रा घेऊन घरी आला.

मामींनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच कमरेवर हात ठेवले. "अहो, हे काय ध्यान आणलंत?"

"तीन घरांनी परत पाठवलाय त्याला."

"का?"

"खोड्या करतो म्हणे."

"मग आपणच कशाला..."

"हे चौथं घर. इथून परत जाणार नाही."

नवऱ्याचा असा आवाज मामींनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. त्या बाजूला झाल्या. कुत्रा लंगडत आत आला, घरभर हुंगून झाल्यावर त्याने नुकत्याच घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग निवडला आणि त्यावर ऐसपैस पसरला.

"काय नग आहे!" मामी म्हणाल्या, आणि तेच त्याचं नाव पडलं.

नगाने महिनाभरात घर डोक्यावर घेतलं. कुकरची शिट्टी झाली की तो मान वर करून तितकाच लांब सूर लावायचा. त्या गोंधळात मामींची मोजणी चुकायची आणि बटाट्यांचा लगदा व्हायचा. रिमोट गादीखाली, चष्मा फुलझाडाच्या कुंडीत. ओरडलं तर पाठ फिरवून बसायचा, आणि कुणी समजूत काढेपर्यंत वळायचा नाही. "रुसतोय बघा, जावई कुठला!" मामी करवादायच्या आणि मग स्वतःच पोळीचा तुकडा घेऊन त्याच्यापुढे जायच्या.

लिफ्ट मात्र त्याला मनापासून आवडे. आत गेला की दाराकडे तोंड करून ताठ बसायचा. मजला आला, दार सरकलं, की एकदाच, थोडक्यात भुंकायचा. मामांना वाटायचं, आपण एवढी वर्षं हेच तर केलं.

खरी भानगड चपलांनी केली. नगाला चपलांचा भारी नाद, पण जोडीचं त्याला वावडं. एकच उचलायचा. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, मामांचं लक्ष क्षणभर चुकलं, आणि नगाने सोसायटीच्या अध्यक्षांच्या दारातला कोरा बूट पळवला. अध्यक्षांचं फरशांचं मोठं दुकान होतं आणि इमारतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. मामा बूट घेऊन माफी मागायला गेले. टाचेचा पार चोथा झाला होता.

"नवा जोड आणून देतो, साहेब."

"जोड नको. कुत्रा लिफ्टमध्ये दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: लिफ्टमध्ये प्राण्यांना मनाई. कायमचा ठराव पुढच्या रविवारच्या सभेत.

मामांनी सूचना वाचली आणि सवयीने मान डोलावली. तीन पायांवर नगाला जिना उतरणं जमेना, म्हणून ते त्याला उचलून न्यायला लागले. पाच मजले खाली, पाच मजले वर, दिवसातून दोनदा. नग त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून आरामात सगळ्यांची दारं न्याहाळत राहायचा. शुक्रवारी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मामांचा पाय सटकला. कुत्र्याला काही होऊ नये म्हणून त्यांनी सगळा भार स्वतःच्या पाठीवर घेतला.

मामी पाठीला मलम चोळत होत्या आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. "मोडून घ्या पाठ! आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दार उघडलंत, आता स्वतःच्या इमारतीत जिन्याने मरा!"

"नियम आहे, गं."

"कुणी केला? तुम्ही हात वर केला होतात का?"

 त्या रात्री मामांना झोप लागली नाही, आणि त्याला कारण पाठ नव्हती.

रविवारी सभेला निघायच्या वेळी त्यांची कवळी सापडेना. वाटी रिकामी. नग पलंगाखाली, चेहऱ्यावर साधूसारखा भाव. मामींनी झाडू घालून पाहिलं, कपाटं उपसली. व्यर्थ.

"राहू द्या, मी जाते," मामी म्हणाल्या.

"नाही. मीच जाणार."

सभेत अध्यक्षांनी ठराव वाचला. "कुणाला काही बोलायचंय?" त्यांनी नुसतं रीत म्हणून विचारलं. शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली.

"मी चौतीश वर्शं लिफ्ट चालवली," मामा म्हणाले.

कुणीतरी फिस्कन हसलं. मग बरेच जण हसले. मामांचे कान लाल झाले, पण ते बसले नाहीत.

"खुशाल हशा. माझे दात कुत्र्याने लपवलेत. पण बोलायला जीभ लागते, आणि ती माझ्याकडे आहे." बोळक्या तोंडातून शब्द घरंगळत होते, तरी एकेक पोचत होता. "माझ्या लिफ्टमधून तापाने फणफणलेले शिपाई गेले, दारू प्यालेले साहेब गेले, एकदा तर एका साहेबांचं मढंही गेलं. मी कितवा मजला एवढंच विचारलं. तू कोण, तुला पाय किती, हे नाही विचारलं. आपल्या लिफ्टमध्ये बटणांखाली च्युइंगम चिकटवलंय. कोपऱ्यात सिगारेटची थोटकं पडतात. ती कोण ओढतं? नग?"

आता हसू वेगळ्या दिशेने गेलं. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "मतदान घ्या!"

ठराव अकरा विरुद्ध आठ मतांनी मंजूर झाला.

"ठराव तुमचा," मामा म्हणाले, "कुत्रा माझा. उद्या सकाळी सात वाजता आम्ही लिफ्टने उतरणार. अडवायचं त्याने अडवावं."

सकाळी सातला ते उतरले. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा अध्यक्ष हाताची घडी घालून समोर उभे. नग भुंकला, एकदाच. मामांनी बटणावर बोट ठेवून दार धरलं. "येताय? जागा आहे."

अध्यक्षांचा चेहरा तापला. "कारवाई करीन!"

"करा," मामा म्हणाले आणि बोट काढलं. दार सरकत बंद झालं.

कारवाईचं पत्र आलं. मामांनी ते नीट वाचलं आणि उत्तर लिहिलं, की तीन पायांच्या जिवाला जिना जमत नाही, आम्ही लिफ्ट वापरू. दुसरं पत्र आलं, त्यालाही तेच उत्तर गेलं. आठवडाभराने चौथ्या मजल्यावरची नर्स तिची म्हातारी मांजर टोपलीत घेऊन त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली. ठरावाच्या बाजूने हात वर केलेल्या एका आजोबांनी आत सरकून तिला आणि मांजरीला जागा करून दिली.

सूचना अजून फलकावर आहे. थंडीत मामांची पाठ धरली तेव्हा मामीच नगाला घेऊन निघाल्या. खालच्या दाराशी अध्यक्ष भेटले. "वहिनी, तुम्हीसुद्धा?" त्यांनी विचारलं.

मामींनी पट्टा मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट केला. "बाजूला व्हा भाऊजी, त्याला घाईची लागलीय."